खांदा

चेंडू खांद्याला लागला होता.
हे मी आज, अकरा वर्षांनी म्हणतोय,
मासळीच्या कारखान्यात खोक्यांवर शिक्के मारता मारता,
आणि तेही मनात.

सुओरोय बेटावरचं मैदान. एका अंगाला समुद्र,
दुसऱ्या अंगाला चढावर मेंढ्या,
कडेला ओळीनं गाड्या. पावसात लोक गाडीतूनच सामना बघायचे,
गोल झाला की हॉर्न.
वारा असा, की फ्री किकला
एकीनं चेंडू बोटानं दाबून धरायचा, दुसरीनं मारायचा.

मी रेषेवर, झेंडा घेऊन. हेइनी मध्ये, शिट्टी घेऊन.
सुन्वा तेव्हा सतरा वर्षांची. तिनं उडी मारली,
चेंडू उजव्या खांद्यावर आपटून बाहेर गेला.
हेइनी तिच्या पाठीमागे. त्याला दिसला हात.
पेनल्टी.

ती त्याच्याकडे वळलीच नाही, माझ्याकडे वळली.
गळ्यापाशी शर्ट ओढून खांदा दाखवला,
लाल झालेला, जणू मी डॉक्टर.
हेइनीनंही पाहिलं माझ्याकडे, अर्धा क्षण.
मी बुटाची नाडी बघत राहिलो.
नाडी सुटलेली नव्हती.

गोल. पाहुण्यांच्या दोनच गाड्या होत्या,
तेवढ्याच वाजल्या.

संध्याकाळी बंदरावर रेडिओवाला. "रोई, तू तर जवळ होतास."
"मला तिथून नीट दिसलं नाही," मी म्हणालो,
"आणि निर्णय आमचा होता."

आमचा.
शब्द हेइनीचा. तीन हिवाळे आधी
मी एक धडधडीत ऑफसाइड सोडला,
थुंकी पडली त्याच्या कोटावर,
आणि रेडिओवर तो म्हणाला, आमचा.
आपला नव्हे. आपला म्हटलं की सगळं बेट आत येतं,
गाड्या, हॉर्न, मेंढ्यासुद्धा.
आमच्यात तिघंच मावतात:
ओल्या मोज्यांच्या वासाची एक खोली,
आतून कडी.

परतीच्या बोटीवर त्यानं थर्मासमधली अर्धी कॉफी मला ओतली.
"खांदा होता ना?"
"हो."
"वाटलंच मला."
मग तो डेकवर जाऊन ओकला.
समुद्र खवळला होता म्हणून, असं मी धरून चालतो.

घरी मार्युन म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची, कबूल.
पण सव्वा लाख कुणाचे?
मी ओले शर्ट मशीनमध्ये टाकले.
तिनं ते पुन्हा बाहेर काढले, रंगीत वेगळे, पांढरे वेगळे.

चार वर्षांनी नव्या पंचांचा वर्ग घ्यायला मला पाठवलं.
दुसऱ्या बाकावर सुन्वा.
पहिल्याच तासाला फळ्यावर लिहायचं असतं:
सहकाऱ्याच्या निर्णयावर बाहेर ब्र काढायचा नाही.
तिनं ते वहीत उतरवून घेतलं, खाली रेघ मारली.
मधल्या सुट्टीत कोटांच्या खुंट्यांपाशी आली.
"आता मीही आत आहे," म्हणाली, आणि थांबली.
बराच वेळ थांबली.
कोटांवरून पाणी ठिबकत होतं.
मी तिला शिट्टीची दोरी दिली.
गाठ कशी मारायची ते दाखवलं.

हेइनी गेल्या वर्षी वारला. त्याला खांदा द्यायला
आम्ही पंचच होतो, सहा जण.
डावीकडून दुसरी ती होती. उजवा खांदा.

आणि आज कारखान्यातला रेडिओ. तोच माणूस, आवाज जरा जाड झालेला.
सुन्वाला मोठा सामना मिळालाय, त्याची मुलाखत.
शेवटी त्यानं विचारलंच, हसत:
"ती जुनी पेनल्टी. आता तरी सांग. हात की खांदा?"

मी शिक्का वर धरून थांबलो.
पट्ट्यावरून दोन खोकी कोरी पुढे गेली.

"मला तिथून नीट दिसलं नाही," सुन्वा म्हणाली,
"आणि निर्णय आमचा होता."